पंगतीत कोणाच्या बाजूला कोण

घरातलं माणूस गेलं की लोक बसायला येतात. आमच्याकडेही आले. बसले, रडले, आणि डोळे पुसून प्रत्येकानं एकेक किस्सा सांगितला. एकाचा संपतो न संपतो तोच दुसरा म्हणे, "हे तर काहीच नाई, माह्यासोबत काय झालं ते ऐक!" असे किस्से दारात साचत गेले. आत वहिनी तोंडाला पदर लावून बसलेली. ती रडते आहे की हसते आहे, मला कळेना. एक म्हातारी तर हसणं ऐकून अंगणातूनच परत फिरली. तिला वाटलं, चुकीच्या घरी आलो!

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मनोहर. देवळीच्या बाजारात त्याचं बिछायत केंद्र आहे. मांडव, कनाती, सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, पंगतीला बसायच्या पट्ट्या आणि एक लाऊडस्पीकर. तालुक्यात लग्न असो, बारसं असो की तेराव्या दिवसाची तेरवी असो, सामान दादाचं. या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. ती उतरलीच नाही. आता त्याच्याबद्दल सांगताना "आहे" म्हणू की "होता" म्हणू, ते मला अजून जमत नाही.

दादाचं खरं काम मांडव टाकायचं नव्हतंच. पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या की तो पंगतीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि येईल त्याचा हात धरून त्याला जागेवर नेऊन बसवायचा. घरमालकाला वाटायचं, मांडववाला किती अगत्याचा आहे! अगत्य कसलं? कोणाच्या बाजूला कोण, हे त्यानं आधीच ठरवलेलं असायचं. ज्याचं काही अडलं आहे तो, आणि ज्याच्या हातून ते सुटेल तो, असे दोघं शेजारी. आणि दोघांनाही पत्ता नाही.

"सांगून काऊन नाई देत त्याईले?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं तर एक जण मागते अन् दुसरा लपते. नुसतं बसवायचं. भात येईपर्यंत माणूस जेवते, भात आला की बोलते."

हे काकाजींनाही माहीत आहे. काकाजी म्हणजे आमच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचा. दादाची राख सावडून आलो त्याच दिवशी ते मला म्हणाले, "सुध्या, तुले बांबू गाडता येते. माणसं बसवता येत नाई. तू ज्याच्या बाजूला बसते त्याच्याशीच भांडते. हा धंदा तोंडाचा आहे. तेरवी झाली की सामान वर्ध्याच्या शेठजीले देऊन टाकू. ते तेरवीले येऊन राह्यले, पाहून घेतील."

वहिनी काही बोलली नाही. मीही बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि काकाजींचंच खरं ठरलं असतं!

म्हणून मी ओट्यावर बसून किस्से ऐकत राहिलो. त्यातलेच काही सांगतो. काही मी स्वतः पाहिलेले आहेत.

*

पहिला किस्सा नागोसे गुरुजींचा. तो गुरुजींनी नाही, त्यांच्या बायकोनं सांगितला. गुरुजी बोलत नाहीत. वर्गात पाढे म्हणवून घेतात तेवढंच. तरुणपणी पोरगी पाहायला गेले की पोरीकडचे लोक हळूच विचारायचे, "पोरगा मुका तर नाई ना?" लग्नाचं वय निघून चाललं होतं.

देवळीच्या एका लग्नात दादानं गुरुजींना केळझरच्या पोस्टमनच्या बाजूला बसवलं. हा पोस्टमन म्हणजे बटण तुटलेला रेडिओ. सेलू तालुक्यातल्या कोणत्या ओट्यावर त्यानं चहा प्यायला नाही, ते विचारा. कोणाची पोरगी मॅट्रिक झाली, कोणाच्या जावयाची बदली झाली, सगळं त्याच्या पोटात. आणि पोटात काही राहत नाही! पोळी वाढली तेव्हा तो सुरू झाला. कढी संपली, लोक हात धुवायला उठले, तरी चालूच. गुरुजी नुसती मान हलवत राहिले.

पुढच्या आठवड्यात पोस्टमन केळझरच्या एका घरी पत्र द्यायला गेला आणि पत्र हातात ठेवायच्या आधीच म्हणाला, "तुमच्या पोरीसाठी पोरगा पाहिला जी! इतका समजदार माणूस म्या जन्मात नाई पाहिला. एवढं बोललो मी त्याच्याशी, एकदा मधात तोंड नाई घातलं!"

केळझरच्या गणपतीच्या देवळात लग्न लागलं. मांडव अर्थात आमचाच. गुरुजी बाशिंग बांधलेले, तसेच दादाला गाठून म्हणाले, "मनोहरभाऊ, हे जमलं कसं? मी तर एक शब्द बोललो नाही!"

"म्हणून तर जमलं गुरुजी!"

बाई हे सांगत होत्या तेव्हा गुरुजी बाजूलाच बसले होते. मान हलवत होते.

*

किसन मडावी आला तो भिंतीला टेकून बसला. किसन गोंड. आर्वीकडच्या जंगलाला लागून त्याचं गाव. घरी बायकोपोरांशी गोंडी बोलतो, आमच्याशी आमच्यासारखंच. दादाच्या मांडवाचे सगळे बांबू त्याच्याकडचे. बांबू उतरवून तो निघाला की दादा त्याच्या बैलगाडीसमोर उभा राहायचा. "जेवल्याबिगर गेला तर बैल सोडून घेईन!"

असंच एका मोठ्या घरच्या लग्नात दादानं किसनला पहिल्याच पंगतीत बसवलं. बाजूला नवरदेवाचा मामा. जरीचा फेटा, हातात अंगठ्या. मामानं किसनकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"काऊन रे मांडववाल्या? मी याच्या बाजूला बसू काय?"

मी गंजाजवळ होतो. माझ्या हातात कढीचा डाव होता आणि तो मामाच्या फेट्यावर मारावा असं मला फार वाटत होतं. दादानं माझ्याकडे पाहिलं, म्हणून मारला नाही.

मामाला तो फार नम्रपणे म्हणाला, "बरोबर आहे जी तुमचं. पण हा मांडव ज्याच्यावर उभा आहे ते सगळे बांबू किसनभाऊचेच आहेत. तुमच्यासाठी तिकडे पट्टी टाकतो."

आणि खरंच टाकली! मांडवाच्या बाहेर, भर वैशाखाच्या उन्हात. वर पत्रावळ, वर पाण्याचा गिलास, सगळं रीतसर.

किसनच्या बाजूची जागा रिकामी झाली. तिथं दादानं कारंज्याच्या एका संत्रावाल्याला आणून बसवलं. त्याचं सकाळपासून एकच रडगाणं चालू होतं, बाग लदून येते पण माल भरायला टोपल्या मिळत नाहीत. भात आला. संत्रावाल्यानं विचारलं, "तुम्ही काय करता?" तेव्हापासून मडावीच्या अंगणात दर बहाराला टोपल्या विणल्या जातात. आता तर त्याची सून, भाऊ, भावाची बायको, सगळेच विणतात.

किसन मला म्हणाला, "त्या दिवशी म्या जेवता जेवता वर पाहिलं. आपलेच बांबू, पण सावलीत बसून कधी पाहिले नव्हते."

मामाचं काय झालं म्हणता? आला ना आत! पण तोपर्यंत बुंदी संपली होती.

*

आता माझा.

मी कुठंतरी चिकटावं म्हणून दादानं मला तालुकाभर कोणाकोणाच्या बाजूला बसवलं, त्याचा हिशेब नाही. सायकलच्या दुकानदाराशी माझं वांग्याच्या भाजीवरून वाजलं. पिठाच्या गिरणीवाल्याशी तर कशावरून वाजलं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

एका लग्नात दादानं मला एका गोऱ्या, चष्मेवाल्या माणसाच्या बाजूला बसवलं. मला वाटलं, कोणी मास्तर असेल. त्यानं सहज विचारलं, "काय रे, कापसाचा हंगाम कसा आहे?"

मी त्याच सकाळी जिनिंगच्या दारावरून आलो होतो. माझं डोकं तापलेलंच होतं. मी सुरू झालो! "हंगाम चांगला आहे जी, माणसं हरामखोर आहेत. गाडीवान सकाळपासून कापूस घेऊन रांगेत उभे. डोक्यावर ऊन, बैलांच्या तोंडाला फेस. अन् तो मॅनेजर आत पंख्याखाली बसून राह्यला! त्याले एक दिवस जुवाखाली जुंपा अन् रांगेत उभा करा, मग पाहा कसे वजनाचे काटे फिरतात ते!"

त्या माणसानं शांतपणे वरण-भात कालवला. समोरून दादा मला डोळ्यांनी खुणावत होता. मला वाटलं, मीठ मागतो आहे. मी मीठ पाठवलं!

तो चष्मेवाला हात धुवून गेल्यावर दादा आला. "झालं समाधान? जिनिंगचा मॅनेजर होता तो. तुह्या नोकरीसाठी बसवलं होतं तुले."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर गोड बोलला असता. मग दोन महिन्यांनी खरा सुधाकर दिसला असता त्याले. आता आधीच दिसला. बरं झालं."

आठवड्याभरात जिनिंगचा चपराशी दुकानात आला. मॅनेजरसाहेबांचा निरोप होता: रांगेच्या जागेवर मांडव टाका, बैलांना उभं राहता येईल एवढा उंच. आणि हंगाम संपेपर्यंत काढू नका. एवढी मोठी ऑर्डर दादाला आजवर कधी मिळाली नव्हती. वर एक तोंडी निरोपही होता, "त्या पोराले नोकरी नाई म्हणा. पण मांडव बांधायले त्यालेच पाठवा."

मी बांधत होतो तेव्हा मॅनेजर बाहेर आला. पंख्याखालून उठून आला असावा. वर पाहिलं आणि म्हणाला, "जू आणलं काय रे सोबत?"

*

मग वर्ध्याला बुफे आला.

एका डॉक्टरांच्या मुलाचं लग्न. पट्ट्या नकोत, पत्रावळी नकोत. टेबलं लावायची, लोकांनी ताट घ्यायचं आणि उभ्यानं खायचं! दादा आदल्या दिवशी मैदानात जाऊन ती मोकळी जागा पाहत राहिला. वहिनीला येऊन म्हणाला, "त्यात माणूस कुठीही उभा राहते. ज्याच्याशी ओळख आहे त्याच्याचजवळ जाते. मग लग्नाले यायचं कायले? घरी खा ना!"

वहिनी म्हणाली, "तुमाले काय करायचं आहे? टेबलं लावा, या घरी."

दादानं टेबलं लावली. एका टेबलावर पोळ्या, एकावर भाज्या, एकावर गोड. सगळं साहेबी. लोक आले, ताटं घेतली, आपापल्या घोळक्यात उभे राहिले. वकील वकिलांत, व्यापारी व्यापाऱ्यांत, देवळीवाले देवळीवाल्यांत.

पहिला घास घेतला आणि जो तो इकडेतिकडे पाहायला लागला. भाजीत मीठ कमी!

"मीठ कुठी आहे हो?"

"त्या तिकडे, कोपऱ्यात आहे म्हणे."

सगळं मैदान ताटं घेऊन त्या कोपऱ्याकडे निघालं. तिथं एक स्टूल, त्यावर एकच वाटी, वाटीत एकच चमचा! तो चमचा हातोहात फिरू लागला. "आधी तुम्ही घ्या." "नाई जी, तुम्ही." "तुम्ही कोणत्या गावचे?" एका वकिलाला तिथं कारकून मिळाला. देवळीच्या एका परिटाला दवाखान्याच्या चादरींचं काम मिळालं. आर्वीची एक म्हातारी आणि केळझरची एक, दोघी एकमेकींच्या मावसबहिणी निघाल्या आणि ताट धरूनच रडायला लागल्या.

डॉक्टरसाहेब आचाऱ्यावर तापले. आचारी दादाकडे बोट दाखवून म्हणाला, "मले यानंच सांगितलं, हात आखडता घेजो म्हणून!"

दादा त्या वाटीजवळ उभा होता. लग्नातला जेवढा आनंद नवरदेवाला झाला नव्हता तेवढा त्याच्या तोंडावर होता.

*

दोन भावांचा किस्सा धाकट्या भावानं सांगितला. पण त्यात मी होतो, म्हणून मीच सांगतो.

शेताच्या धुऱ्यावरून या दोघांचं बोलणं बंद. धुरा म्हणजे बांध. एकानं हातभर पुढं नांगरलं, असं दुसऱ्याचं म्हणणं. एकाच विहिरीवर पाणी भरायचे, पण तोंडं दोन दिशांना. दादानं दोघांना एका बारशाच्या पंगतीत शेजारी बसवलं आणि वाढायला मला पाठवलं.

मोठा मला म्हणाला, "सुधाकर, त्याले सांग, पाणी सरकव."

धाकटा त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेला! मी त्याला सांगितलं. त्यानं मला सांगितलं, "त्याले म्हण, हात आहेत ना?" मी ते सांगितलं. मोठा म्हणाला, "त्याले म्हण, हात आहेत म्हणूनच आपले आबा गेले तेव्हा खांदा दिला." असे दोघं माझ्या तोंडानं भांडत होते, आणि पलीकडचे लोक कढीसाठी ओरडत होते.

माझं डोकं सटकलं. मी कढीची भरलेली बकेट त्या दोघांच्या मधात, दोन पत्रावळींच्या बरोबर मधल्या जागेत आदळली.

"हा तुमचा धुरा! आता आपापल्या बाजूनं घ्या. मी नाई वाढत!"

मला वाटलं, आता दादा माझा कान धरून बाहेर काढणार.

मोठ्यानं बकेटीकडे नीट पाहिलं. वाकून पाहिलं. मग म्हणाला, "बकेट माह्या बाजूले हातभर जास्त आली आहे."

धाकट्यानं ती आपल्याकडे ओढली. "आता?"

"आता जरा जास्त झाली."

पंगत अशी हसली की कढी हिंदकळली. भात आला तेव्हा धाकटा मोठ्याच्या भातावर कढी घालत होता. पुढच्या हंगामात दोघांनी मिळून ट्रॅक्टर घेतला. धुरा त्यांनी मोडून टाकला, ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणे!

त्या दिवशी घरी येताना मी दादाला म्हटलं, "मले वाटलं, तू मारशील."

दादा सायकल हातात धरून चालत होता. म्हणाला, "मी त्याईले तीनदा शेजारी बसवून पाहिलं होतं बे. जमलं नाई. मले बकेट नाई सुचली."

*

हा मी एकट्यानं पाहिलेला. दारात कोणाला सांगितला नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात दादाला ठेवलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे. अन्न जात नव्हतं, पण तोंड चालू होतं. एका बाजूच्या पलंगावर विटाभट्टीवाला. समोरच्या ओळीत, पार दाराजवळ, पाय मोडलेला एक कंत्राटदार.

दादानं मला जवळ बोलावलं. "सुध्या, तो कंत्राटदाराचा पलंग माह्या या बाजूले सरकव."

"कायले?"

"सरकव तर!"

मी सरकवला. लोखंडी पलंग, फरशीवर असा करकरला की सिस्टर धावत आली. "ए! काय चाललंय? हा दवाखाना आहे, तुमचा मांडव नाही!"

दादा उशीवरून मान उचलून तिला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कोणत्या गावच्या जी?"

सिस्टरनं पलंग परत सरकवायला लावला नाही.

पुढं विटाभट्टीवाला बरा होऊन घरी गेला. कंत्राटदारही कुबड्या घेऊन गेला. त्याच्या नव्या कामावर विटा कोणाच्या लागल्या, हे सांगायला नको. मधल्या पलंगावरचा तेवढा घरी आला नाही.

*

तेरवीचा दिवस.

मांडव मीच टाकला. आमच्याच दारात आमचाच मांडव टाकायची वेळ कधी आली नव्हती. लोक सकाळपासून येत होते. नागोसे गुरुजी, पोस्टमन, किसन मडावी आणि त्याची सून, संत्रावाला, जिनिंगचा मॅनेजर, ट्रॅक्टरवरून दोघं भाऊ. ती सिस्टरसुद्धा आली. वर्ध्याचे शेठजीही आले. त्यांचाही बिछायतीचाच धंदा, पण मोठा. काकाजी त्यांना घेऊन मागच्या खोलीत गेले. शेठजींनी गंज वाजवून पाहिले, बांबूवर थाप मारली, कनातीचं कापड बोटांनी चोळलं. मांडवाच्या झालरीकडे पाहून तोंड वाकडं केलं. "कापड गेलं आहे सगळं. बरं, जेवण झालं की बोलू."

वहिनी स्वयंपाकघरातून ते ऐकत होती.

पहिली पंगत बसली. बसली म्हणजे लोक आपापले बसले. देवळीवाले देवळीवाल्यांत, पाहुणे पाहुण्यांत. किसन एकटा टोकाला. सिस्टर भिंतीकडे तोंड करून. कोणी कोणाशी बोलेना. नुसता द्रोणांचा आवाज. मी कढीची बकेट घेऊन उभा राहिलो आणि ती पंगत पाहिली. अशी पंगत आमच्या मांडवात मी जन्मात पाहिली नव्हती.

"उठा!" मी ओरडलो.

लोकांनी माना वर केल्या.

"उठा म्हणतो ना! सगळे उठा! हे काय बसणं आहे?"

काकाजी धावत आले. "सुध्या, पागल झाला काय? तेरवीच्या पानावरून माणसं उठवते काय कोणी?" शेठजी बाजूला उभे राहून पाहत होते. काकाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पाहा, मी म्हणत होतो ना!

सगळ्यात आधी किसन उठला. पटका झटकला आणि म्हणाला, "उठा जी उठा. भाऊचा भाऊ बसवून राह्यला." मग गुरुजी उठले. दोघं भाऊ उठले. मॅनेजर चष्मा सावरत उठला आणि म्हणाला, "याचं ऐका बाबा. नाईतर जुवाखाली घालते!" कोणीतरी हसलं. सगळी पंगत उभी राहिली.

मी एकेकाचा हात धरला. कोणाचं काय अडलं आहे, ते मला कुठं माहीत होतं? दादाला माहीत असायचं. मी नुसता ज्याला ज्याच्याशी ओळख नाही त्याच्या बाजूला बसवत गेलो. सिस्टरला किसनच्या सुनेजवळ, मॅनेजरला पोस्टमनजवळ, काकाजींनाही एका अनोळखी म्हाताऱ्याजवळ.

वहिनी दादाचं पान घेऊन बाहेर आली. गेलेल्या माणसाचं पान वेगळं वाढतात आणि कोपऱ्यात ठेवतात. काकाजींनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "कोपऱ्यात नाई. दादानं कोणाले कोपऱ्यात बसू दिलं काय कधी? ओळीत ठेवा."

"ओळीत कोणी ठेवते काय?" काकाजी म्हणाले.

"ओळीतच ठेवते मी," वहिनी म्हणाली. दादा गेल्यापासून ती चारचौघांत पहिल्यांदाच बोलली. तिनं पान ओळीत ठेवलं, समोर पाण्याचा गिलास ठेवला. त्याच्या बाजूला मात्र कोणी बसेना. एक पट्टी तशीच रिकामी राहिली, आणि तिच्या पलीकडे शेठजींना बसवलं.

तेवढ्यात रस्त्यावरून एक माणूस आत आला. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, बसमधून उतरून थेट आलेला. मांडव पाहून बिचकला.

"मनोहरभाऊ मांडववाले इथंच राहतात ना जी? त्याईच्याजवळ काम होतं. ओळखी करून देतात म्हणे ते."

पंगत थांबली. काकाजींनी तोंड उघडलं.

मी आधी बोललो. "हाव, इथंच. या जी. जेवता जेवता बोला." मी त्याचा हात धरला आणि त्या रिकाम्या पट्टीवर बसवला. "हे मनोहरभाऊ," मी पानाकडे हात केला. "दादा, हे पाहुणे. तुह्याचकडे आले."

त्या माणसानं पान पाहिलं. मला पाहिलं. दारात उभ्या वहिनीचं कपाळ पाहिलं. हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पानाकडे वळून हात जोडले.

"राम राम भाऊ. मी हिंगणघाटचा. शिवणकाम करतो. मशीन आहे, हात चांगला आहे, पण गिऱ्हाईक नाई. लोक म्हणाले, देवळीले जा, मनोहरभाऊ कोणाच्या तरी बाजूला बसवतील."

मी त्याला वाढलं. पुऱ्या संपल्या. वहिनी भाताचं भगोणं घेऊन आली. आधी दादाच्या पानावर वाढला, मग त्या पाहुण्याच्या, मग शेठजींच्या.

शेठजींनी भात कालवला. पाहुण्याकडे पाहिलं.

"काय काय शिवता?"

पाहुण्यानं डाव्या हातानं पिशवी उघडली आणि एक झालर बाहेर काढली. शेठजींनी ती बोटांनी चोळली. उलटून पाहिली. शिवण ओढून पाहिली. मग जेवण सोडून दोघांची डोकी त्या झालरीवर वाकली. इकडे सिस्टर आणि किसनची सून हसत होत्या. पोस्टमन सुरू झाला होता. पंगतीत असा गलका झाला की कढी वाढताना मला ओरडावं लागत होतं.

काकाजी आपल्या जागेवरून उठून शेठजींच्या मागं येऊन उभे राहिले. वाकून हळूच म्हणाले, "मग शेठजी, आमच्या सामानाचं काय करता? मागं चालता काय?"

शेठजींनी मान वर केली नाही. नुसता हात वर केला.

"थांबा ना हो काकाजी! उठवता काऊन? आत्ताच तर बसवलं मले या पोरानं!"